तोंड नसलेलं दुकान

यमुना तांडेलची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी तिच्या मशीनला लाथ मारत होते. साठी उलटलेली, उभा जन्म डोंबिवलीच्या शाळेत मुलांना गणित आणि शिस्त शिकवलेली बाई बाळकुमच्या एका चकचकीत इमारतीच्या लॉबीत खाऊच्या मशीनला चपलेसकट लाथ मारते आहे, हे दृश्य काही फार शोभणारं नव्हतं. पण माझा संताप खरा होता. मोबाइलवरून पैसे गेले होते, काचेआडची ती तारेची गुंडाळी फिरली होती आणि चिवड्याचं पाकीट अगदी टोकाला येऊन लटकत राहिलं होतं. धड खाली पडेना, धड मागे जाईना.

"मारू नका, मॅडम. हट्टी आहे ते, माराला बधत नाही," मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर पन्नाशीच्या आसपासची एक उंच, सावळी बाई. निळी पँट, निळा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. मशीनवाल्या कंपनीने दुरुस्तीला माणूस पाठवला असणार असं मी धरून चालले. तिने मशीनला कान लावला, आजारी पोराच्या छातीला लावतात तसा. मग खांद्याने त्याला हलकेच रेटलं आणि पाकीट टपकन खाली पडलं. ते माझ्या हातात देऊन तिने कुलूप उघडलं, आतून आणखी एक पाकीट काढलं आणि म्हणाली, "हे मशीनतर्फे. तुमचा पाणउतारा झाला ना."

"तुमच्या कंपनीला सांगा, असली मशीनं लावू नका म्हणावं," मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणाले.

"सांगितलं."

"कुणाला सांगितलं?"

"मला. मीच कंपनी."

यजमान गेल्यावर मुलाने मला डोंबिवलीहून उचलून इथे आणलं होतं. या इमारतीत तोवर माझ्याशी कुणी एवढं सरळ बोललं नव्हतं. लिफ्टमध्ये सगळे मोबाइलशी बोलत. त्यामुळे यमुना मंगळवारी आणि शनिवारी मशीन भरायला आली की मी खाली लॉबीत जाऊन बसू लागले. ती पाकिटं लावायची, मी सोफ्यावरून सूचना द्यायचे. तिने त्यातली एकही कधी ऐकली नाही. महिन्याभरात मी तिला अगं-तुगं करू लागले आणि ती मला मॅडमवरून 'बाय' म्हणू लागली. बाळकुमच्या कोळीवाड्यात वडीलधाऱ्या बाईला बाय म्हणतात. इमारतीच्या मागच्या गल्लीतून सरळ गेलं की तो कोळीवाडा. आमच्या गच्चीवरून त्याचे पत्रे दिसतात. आमच्याकडचे लोक पाहुण्यांना खाडी दाखवतात तेव्हा ते पत्रे जरा टाळून बोट करतात.

यमुनेची आई मासे विकायची. डोक्यावर पाटी घेऊन कळव्याच्या आणि ठाण्याच्या चाळींतून, कॉलन्यांमधून हिंडायची. सुट्टीच्या दिवशी यमुना तिच्यासोबत जायची. ते दिवस सांगताना तिचा आवाज चढायचा नाही, पण पाकिटं लावण्याचा वेग वाढायचा. "आईला पायरीच्या खाली बसवायचे. मासा स्वतःच्या हाताने उचलून घ्यायचे, कल्ले उघडून बघायचे, नाक मुरडायचे. पैसे मात्र वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. आणि संध्याकाळी त्यांच्याच घरातून तळल्याचा वास यायचा." मग ती तिचं नेहमीचं वाक्य बोलायची: "विकणाऱ्याचं तोंड दिसलं ना बाय, की घेणाऱ्याचं तोंड सुटतं."

त्यावरचा तिचा तोडगा म्हणजे हे मशीन. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ती चहा-नाश्त्याच्या खोलीत कामाला होती. तिथे वेफर्स आणि चॉकलेटचं मशीन होतं. साहेबलोक त्याच्यासमोर उभे राहत, बटण दाबत, घेत आणि जात. भाव नाही, ताजं आहे का नाही, कुठून आणलंस नाही. हे बघून ती चाट पडली होती. "एवढी इज्जत आमच्या आईला जन्मात कुणी दिली नाही," ती म्हणायची, "म्हटलं, आपण पण असंच तोंड नसलेलं दुकान काढायचं."

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. संकष्टीच्या दिवशी तेच साहेबलोक मशीनसमोर येऊन उभे राहत, वरपासून खालपर्यंत बघत आणि तसेच परत जात, कारण आत उपासाचं काहीच नसायचं. डोंबिवलीत एक ऑफिस बंद पडलं तेव्हा तिथलं जुनं मशीन तिने उचललं, टेम्पोत घालून घरी आणलं आणि नोकरी सोडली. नवरा म्हणाला, फ्रीज समजून आणलंस की काय. तिने पंचांग भिंतीला लावलं आणि कामाला लागली.

हे पंचांग म्हणजे एक प्रकरणच होतं. कुठल्या इमारतीत कुणाची संकष्टी, कुठे एकादशी, चातुर्मासात कांदा-लसूण कुठे बंद, कळव्याच्या क्लासमधल्या पोरांच्या परीक्षा कधी, डोंबिवलीच्या कारखान्यातल्या पाळीवाल्यांना तिखट शेव किती लागते, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. उपासाच्या आधीच्या फेरीला मशीनमधून फरसाण निघायचं आणि त्या जागी साबुदाण्याचा चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या आणि बटाट्याचा कीस येऊन बसायचा. आमच्या इमारतीतल्या बायकांना त्याचं भारी कौतुक. "बघा, मशीनलासुद्धा संकष्टी कळते," असं एकमेकींना सांगायच्या. ती कुणाला कळत होती, याची चौकशी कुणी केली नाही.

मी एकदा विचारलं, "तू स्वतः करतेस का गं उपास?"

"बुधवार, शुक्रवार आणि रविवार मासे. बाकीच्या दिवशी सुके मासे," ती म्हणाली. "म्हणून तर उपास करणाऱ्यांची मला दया येते."

पण तिची खरी हुशारी चकलीत होती. ही मशीनं वेफर्सच्या फुगलेल्या पाकिटांसाठी बनवलेली. वरच्या कप्प्यातून चकली खाली पडली की तिचा भुगा व्हायचा. भुग्याला कोण पैसे देणार? यमुनेने सगळं करून पाहिलं. चकली जाड केली तर दात मोडायची वेळ आली, लहान केली तर लोक म्हणाले कंजूष आहे, खाली स्पंज घातला तर पाकीट बाहेर काढायच्या फटीतच अडकायला लागलं. शेवटी कोळीवाड्यातच तिला इलाज सापडला. तिने जाळ्याच्या दुकानातून नवीन नायलॉनचं जाळं आणलं, त्याचा तुकडा कापला, त्याला स्वतः गाठी मारल्या आणि पाकीट जिथे पडतं तिथे तो आडवा ताणून बसवला. पाकीट जाळ्यावर पडायचं, एकदा हलकंसं उसळायचं आणि उतारावरून आपोआप हाताशी यायचं. चकली अख्खी. मला तिने ते दार उघडून दाखवलं तेव्हा मी वर्गातल्या हुशार मुलीच्या पाठीवर मारायचे तशी तिच्या पाठीवर थाप मारली. ती लाजली. अशी गाठ आता वाड्यात तिच्याशिवाय दोन-चार म्हाताऱ्यांनाच येत होती.

एव्हाना तिची मशीनं ठाण्यापासून कल्याणपर्यंत पसरली होती आणि ती भरायला तिने माणसं ठेवली होती. आमच्याकडे मात्र ती स्वतःच यायची. टेम्पो स्वतः चालवत, गेटवर नाव लिहून, सरळ मुख्य दरवाजाने. मला वाटायचं, माझ्यासाठी येते. माणूस म्हातारपणी असल्या गैरसमजांवरच जगतो. एके दिवशी तिने लिफ्टकडे बघत सहज सांगितलं, "इथं आमच्या आजाचं खळं होतं. जाळी सुकवायचं. ही लिफ्ट आहे ना, तिथे उंबराचं झाड होतं. मी त्याखाली झोपायचे." आजाच्या नंतर चुलत्यांनी जमीन बिल्डरला दिली, सह्या कुणी केल्या, कुणाला काय मिळालं हे तिला नीट माहीत नव्हतं आणि त्याबद्दल ती कटकटही करत नव्हती. इमारतीचं काम चालू असताना ती एकदा बघायला आली, तर वॉचमनने हाकललं होतं. एवढंच तिच्या मनात राहिलं होतं. "बाकी सगळीकडे तोंड लपवून धंदा केला, बाय. पण या एका जागेत मला यावंसं वाटतं. आत. स्वतः. मशीन तर निमित्त."

हे मी कुणाला बोलले नाही. ती मंगळवार-शनिवार यायची, पाकिटं लावायची, फडक्याने काच पुसायची आणि जाताना लिफ्टच्या दाराशी क्षणभर उभी राहायची. कुठे वर जायचं नसायचं तिला. तिचं तेवढ्याने भागायचं.

मग नारळी पौर्णिमा आली. कोळ्यांचा हा सगळ्यात मोठा सण. खाडीला नारळ वाहायचा, मग घरोघरी नारळाच्या करंज्या वाटायच्या. यमुनेने सकाळपासून खपून करंज्या केल्या आणि दुपारी आमच्या लॉबीत आली. त्या दिवशी निळी पँट नव्हती. कोळी पद्धतीने नेसलेलं जरीचं हिरवं लुगडं, अंबाड्यात भरगच्च वेणी, गळ्यात घरातलं होतं नव्हतं ते सगळं सोनं. मी तिला ओळखलंच नाही. इतकी देखणी बाई त्या टोपीखाली लपली होती हे मला तोवर कळलं नव्हतं.

"मशीनमध्ये ठेव की," मी म्हणाले. "बटण दाबतील आणि घेतील."

"नाही, बाय. रोजचं मशीनने द्यायचं. सणाचं हाताने द्यायचं असतं." मशीनपाशी उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एकेक करंजी ठेवत होती आणि सांगत होती, "मी यमुना तांडेल. इथलीच, मागच्या कोळीवाड्यातली. हे मशीन माझं आहे. चकली, चिवडा सगळं मीच करते."

लोकांनी करंज्या खाल्ल्या. तिच्यासोबत फोटो काढले. आमचे सेक्रेटरी सबनीस, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, नाटकांचे शौकीन. त्यांनी स्वतःच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आपली लोकसंस्कृती. यमुना हरखून गेली होती. जन्मभर जी गोष्ट टाळली ती तिने त्या दिवशी केली. विकणाऱ्याचं तोंड दाखवलं. आणि आपल्या वाड्याच्या रिवाजाप्रमाणे, गोड हातावर ठेवून. सणाला दारी आलेलं गोड खाल्लं की माणूस आपला झाला, असं तिच्या वाड्यात धरतात. आमच्या इमारतीत तसं धरत नाहीत, हे तिला कोण सांगणार? तिला अडवावं असं माझ्या मनातही आलं नाही. मी तर दोन करंज्या खाऊन वर तिसरी मागत होते.

पुढच्याच आठवड्यात लॉबीत वास यायला लागला.

आधी एकीला आला, मग तिच्या मैत्रिणीला, मग चौथ्या मजल्यावरच्या सगळ्यांना. मला नाही आला. माझं नाक म्हातारं झालं असेल म्हणून मी वॉचमनला विचारलं, तर त्याने माझ्याकडे केविलवाणं बघितलं आणि "साहेब बोलतायत म्हणजे येत असेल," असं म्हणून मोकळा झाला. मग कुणीतरी पाकीट काढताना फटीत हात जरा जास्त आत घातला आणि त्याला जाळं लागलं. मोबाइलच्या उजेडात त्याचा फोटो निघाला. ज्या ग्रुपवर आठवड्यापूर्वी लोकसंस्कृती आली होती त्याच ग्रुपवर आता जाळ्याचा फोटो आला. मशीनमध्ये मासे पकडायचं जाळं. आणि आपण त्यातून उपासाचं खातोय.

रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सभा भरली. यमुनेलाही बोलावलं होतं. ती निळ्या कपड्यांत आली आणि दाराशी उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बस असं तिला कुणी म्हटलं नाही. मी म्हटलं, तर ती नुसती हसली.

"एक आधीच स्पष्ट करतो," सबनीसांनी सुरुवात केली, "आपल्याकडे कुणीही जातपात मानत नाही. प्रश्न फक्त स्वच्छतेचा आहे." ज्या सभेची सुरुवात अशी होते तिचा शेवट काय होणार हे मला शाळेतल्या शिक्षकखोलीपासून पाठ आहे.

"मला तर पहिल्या दिवसापासून वास यायचा," पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून रोज चकली तुम्हीच न्यायचात," मी म्हणाले. "वास येत होता तर नेत का होतात? आणि ज्यांना वास येतो त्यांनी सांगावं, नारळी पौर्णिमेच्या आधी कुणी एकाने तरी तक्रार केली होती का?"

पुढच्या रांगेतली बाई मोबाइल बघू लागली. मला क्षणभर वाटलं, जिंकलं. गणिताच्या बाईंना असंच वाटतं, उत्तर बरोबर आलं की संपलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, तुमच्या भावना समजतात," आणि सगळे पुन्हा सबनीसांकडे वळले. एखाद्याला खोडून काढता येत नसेल तर त्याच्या भावना समजून घ्यायच्या, ही आजकालची पद्धत आहे.

यमुनेने पिशवीतून त्याच जाळ्याचा उरलेला तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. "हे नवीन आहे, साहेब. दुकानातून आणलेलं, पाण्यात कधी न गेलेलं. याला मासा कसा असतो तेसुद्धा माहीत नाही. चकली मोडू नये म्हणून लावलंय. वास घेऊन बघा."

तो तुकडा कुणी उचलला नाही. सबनीसांनी पेनाने तो टेबलाच्या कडेला सारला. पेनाने. मग त्यांनी निर्णय सांगितला. कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाही, त्यामुळे मशीन राहील. जाळं काढायचं. आणि मशीन भरायला दुसरं कुणीतरी पाठवायचं. "म्हणजे कसं आहे, लोकांच्या मनात शंका राहायला नको," ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

यमुना खाली बघत होती. मला वाटलं आता ती फुटेल, तिच्या आईच्या पाटीपासून सगळं बाहेर काढेल. मी तर तिच्या बाजूने उठून उभं राहायच्या तयारीत होते. ती "बरं" म्हणाली आणि जाळ्याचा तुकडा घडी घालून पिशवीत ठेवला.

गेटबाहेर मी तिला गाठलं आणि चिडून विचारलं, "बरं काय म्हणालीस? तुला मशीन हवं होतं का इथे? तुला इथे यायचं होतं."

"मंग काय करू, बाय?" एरवी माझ्याशी शाळेतलं मराठी बोलणारी यमुना त्या दिवशी घरच्या बोलीत बोलली. "भांडू? आईनं पायरीवर भांडन केलं असतं तर आमी उपाशी मेलो असतो. माज्या अंगाला वास येतं म्हनतात. मी दोनदा आंघोल करतंय रोज." एवढं बोलून ती टेम्पोत बसली. गाडी चालू करायला तिला बराच वेळ लागला.

त्यानंतर आमच्या मशीनवर डोंबिवलीच्या लेलेबाई येऊ लागल्या. यमुनेनेच त्यांना कामावर ठेवलं होतं. भल्या बाई. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरी पैशांची नड. मंगळवारी आणि शनिवारी टेम्पो गेटबाहेर थांबायचा. यमुना आतच बसून खोके पुढे करायची, लेलेबाई ते ट्रॉलीवर घेऊन लॉबीत यायच्या. मी आता सोफ्यावर न बसता गेटबाहेर टेम्पोशी जाऊन उभी राहायचे. यमुना विचारायची, "काच पुसली का त्यांनी?" मी म्हणायचे, पुसली. पुसली नसली तरी म्हणायचे.

आणि मग गंमत बघा. वास गेला. एका आठवड्यात गेला. तेच तेल, तीच भाजणी, त्याच कढईतली चकली. लिफ्टमध्ये एक बाई मला म्हणाली, "काकू, आता किती फरक पडलाय नाही? चवसुद्धा सुधारली. शेवटी हाताला वळण लागतं." जाळं काढल्यामुळे चकल्या आता मोडून पडत होत्या. लोक तो भुगा चमच्याने खात होते आणि वाहवा करत होते. मला त्या बाईला लिफ्टमध्येच सगळं ऐकवायचं होतं, जीभ अगदी शिवशिवत होती. पण यमुनेने मला आधीच शपथ घातली होती. "सांगू नका, बाय. लेलेबाईंचं काम जाईल." स्वतःच्या अपमानावर दुसऱ्याची चूल पेटली आहे, ती विझू द्यायची नाही, एवढंच तिला सुचत होतं. मला तिचा रागच यायचा. चांगुलपणाचाही एक राग येतो. तो कुणावर काढता येत नाही, म्हणून जास्त टोचतो.

वर्षभर हे असं चाललं. पुढच्या श्रावणात एका दुपारी तिचा फोन आला.

"सबनीससाहेबांनी बोलावलंय," ती म्हणाली. "नारळी पौर्णिमेला सोसायटीचा कार्यक्रम आहे. छोट्या मुलींना कोळी नाच शिकवाल का, म्हणाले. आणि मी पण लुगडं नेसून, दागिने घालून यायचं. गेल्या वर्षीचा फोटो सगळ्यांना फार आवडला होता म्हणे."

"मग तू काय सांगितलंस?"

"सणाला आम्ही खाडीवर असतो म्हटलं." मग म्हणाली, "मशीन भरायला नको, बाय. नाचायला चालते मी."

नारळी पौर्णिमा व्हायच्या आत ती मशीन न्यायला आली. त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही, कारण ती काहीतरी घेऊन जायला आली होती. दोन माणसांनी मशीन ट्रॉलीवर चढवलं. त्याखालची फरशी काळवंडली होती. यमुनेने गुडघ्यांवर बसून ती स्वच्छ पुसून काढली. "ठेव गं, पुसतील त्यांचे ते," मी म्हणाले. ती म्हणाली, "नको, नंतर बोलतील." लेलेबाईंना तिने कळव्याच्या क्लासमधल्या मशीनवर पाठवलं. जाताना लिफ्टकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिने बघितलं नाही. आता मशीनच्या जागी कुंडीत एक प्लास्टिकचं झाड आहे. कार्यक्रम झकास झाला असं ग्रुपवर वाचलं. कुठल्याशा नाचाच्या क्लासमधून बाई आणली होती. आणि आठवड्याभराने त्याच ग्रुपवर एकीने विचारलं, त्या लेलेबाईंची चकली फार छान असायची, त्यांचा नंबर कुणाकडे आहे का?

मग मी आजारी पडले आणि माझं बाहेर जाणं थांबलं. यमुनेचा फोन अधूनमधून यायचा, मग तोही विरळ झाला. माझ्याशी बोलताना तिला आमची इमारत आठवत असणार. मी तिच्या जागी असते तर मलाही नको वाटलं असतं.

तिला मी शेवटचं पाहिलं ते कल्याणला. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी मुलगा मला तिथल्या दवाखान्यात घेऊन गेला होता. डोळ्यांत औषध घालून मला बाहेर बाकावर बसवलं होतं. सगळं धूसर दिसत होतं. समोर एक खाऊचं मशीन होतं आणि त्याच्यासमोर कुणीतरी पाकिटं लावत होतं. डोक्यावर जाळीची टोपी, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, अंगावर पांढरा कोट. मला ती दवाखान्यातली नर्स वाटली. मग तिने मशीनला कान लावला.

"यमुने," मी हाक मारली.

ती धावत आली. माझ्या शेजारी बसली, तब्येत विचारली, डोळ्यांचं विचारलं, मुलगा नीट बघतो ना ते विचारलं. कल्याण आणि डोंबिवलीतली मशीनं वाढली आहेत म्हणाली. ठाण्यातली बहुतेक काढून टाकली. आता सगळ्या मशीनवर तिने ठेवलेली माणसंच जातात. इथल्या बाईला ताप आहे म्हणून ती आज आली होती. बोलता बोलता तिने पिशवीतून घरची राजगिऱ्याची वडी काढली. मला ती आवडते हे ती विसरली नव्हती. मोजे काढले, कागद सोडवला आणि वडी माझ्या समोर धरली. मी हात पुढे केला. तेवढ्यात ती थबकली.

"घ्या, बाय," ती म्हणाली, "हात धुतलेत मी."

औषधाने डोळे आधीच चुरचुरत होते म्हणून बरं. "मला सांगतेस, यमुने?" मी विचारलं. "मला?"

"सगळ्यांनाच सांगते आता," ती म्हणाली. त्यात ना राग होता, ना टोमणा. "सवय लागली."

मी वडी घेतली आणि तिच्यासमोरच खाल्ली. खाऊन होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मग आतून माझं नाव पुकारलं. तिने मोजे पुन्हा चढवले, मास्क नाकावर ओढला आणि राहिलेली पाकिटं लावायला उठली.